काही न करण्याची ड्यूटी

सोपानतात्यांना झटका आला की आमच्या फळबाजारात सगळ्यात आधी चपला निघायच्या. माणूस डाळिंबाच्या क्रेटांमध्ये आडवा पडलाय, डोळे गच्च मिटलेत, हातपाय झाडतोय, मान इकडून तिकडं होतेय, आणि भोवती दहाबारा बाप्ये एका पायावर उभे, हातात आपापली चप्पल. ज्याच्या हातात चप्पल नाही त्याच्या हातात कांदा. झटक्याला चप्पल हुंगवायची असते हे आमच्याकडं न शिकवता येतं, त्यात शिकलेला-अडाणी असा फरक राहत नाही. एकदा एक कृषी अधिकारी माल बघायला आले होते. त्यांनीही बूट काढायला घेतला आणि नाडीला निरगाठ बसली. साहेब खाली बसून गाठ सोडवत राहिले, तोवर तात्या उठून बसले आणि त्यांनाच विचारते झाले, "सायेब, काय हरवलं का?"

बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागून पोपटशेठचा हा खासगी बाजार होता. मी कन्हेरीहून रोज स्कूटीनं यायची आणि वजनकाट्यावर बसायची. तात्या वरकुट्याचे. लिलाव पुकारायचं काम त्यांचं. अंगानं काडी, मान लांब, टोपी कायम एका कानावर, आणि आवाज एवढा की पलीकडच्या पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला आमच्याकडचा डाळिंबाचा भाव तोंडपाठ असायचा. बोली थांबली की तात्या हात खाली आणून म्हणायचे, "दिला." एकदा ‘दिला’ म्हटलं की देव आला तरी सौदा फिरायचा नाही. एका व्यापाऱ्यानं जांभई देताना हात वर केला, तात्यांनी त्याला आठ क्रेट दिले. तो म्हणाला, अहो मी जांभई देत होतो. तात्या म्हणाले, "पुढच्या टायमाला हात खाली ठिवून द्या."

दुसरी त्यांची खोड म्हणजे तळ बघायची. शेतकरी वरच्या थराला मोठी लालबुंद फळं लावतात आणि खाली लिंबाएवढी, हे काय नवीन नाही. तात्या कुठलाही क्रेट उपडा केल्याशिवाय बोली सुरू करायचे नाहीत. माणसांचंही तेच. कुणी नवीन माणूस गोड बोलून गेला की म्हणायचे, "वरचा थर झ्याक हाय. तळ बगावा लागंल." पोरीला स्थळ बघायला गेले तेव्हा सोफ्यावर बसलेच नाहीत, सरळ मागच्या गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगावर हात फिरवून आले आणि मग हो म्हणाले. जावई चांगला निघाला. म्हैसही चांगली होती.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर झटके सुरू झाले. गावातल्या डॉक्टरनं मिरगी म्हणून गोळ्या दिल्या. झटके थांबले नाहीत म्हणून वाढवल्या. मग आणखी वाढवल्या. गोळ्यांनी झटके थांबलेच नाहीत, तात्या मात्र थांबले. उभ्या उभ्या पेंगायचे, डाळिंबाला पेरूचा भाव पुकारायचे, आणि शेतकरी कपाळाला हात लावायचे. लिलाव पुकारायला दुसरा माणूस बघावा का, अशी कुजबुज शेठच्या केबिनमध्ये सुरू झाली.

आणि त्यात त्या चपलांनी घात केला. झटक्यात तात्यांना कधी काहीच कळायचं नाही, कधी मात्र लांबून सगळं ऐकू यायचं, वासही यायचा. एकदा उठून बसल्यावर आमच्या हमालाला म्हणाले, "तानाजी, नवी घेतलीस व्हय रं चप्पल? कोऱ्या चामड्याचा वास आला." सगळे हसले. मग रोजचा खेळच झाला, उठले की लोक विचारायचे, सांगा आज कुणाची. तात्या बरोबर सांगायचे. हे चाललं होतं तोवर गुलाबराव व्यापाऱ्यानं तोंड उघडलं. गुलाबराव म्हणजे तात्यांचा शाळेपासूनचा दोस्त, पोट पुढं, तोंडात कायम बडीशेप. तो म्हणाला, "म्हंजी शुद्ध असती की तुला. मग लाथा कशाला झाडतुयास?" त्यावर कुणी हसलं नाही. तात्या टोपी शोधायला लागले, ती डोक्यावरच होती.

शेवटी बारामतीतल्या मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी बघितली, झटक्याचे व्हिडिओ बघितले. व्हिडिओ तर पैशाला पासरी होते, चप्पल नसलेला प्रत्येक जण मोबाईल धरूनच उभा असायचा. डॉक्टर म्हणाले, पुण्याला जा, तिथं डोक्याला वायरी लावून समोर कॅमेरा ठेवतात, झटका आला की त्या वेळी मेंदूत काय चाललंय ते दिसतं.

झालं. तात्या पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात वायरी लावून बसले आणि झटका येईना. रोज क्रेटांत लोळणारा माणूस तिथं गुणी बाळासारखा उशीला टेकून कॅमेऱ्याकडं बघतोय. दुसरा दिवस उजाडला तरी काही नाही. हौसाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, लाजेनं अर्धी झाली. "डॉक्टरला वाटंल, आमी खोटं सांगून खाट अडवली." झटका यावा म्हणून तिनं तिच्या परीनं प्रयत्न केले. नणंदेच्या मानपानाचा विषय काढला, विहिरीच्या वाटणीचा काढला, लग्नात तिच्या मामाला टोपी घातली नव्हती तो काढला. तात्या म्हणाले, "हे रोजचंच हाय गं. ह्यानं न्हाय येनार."

मी आणि गुलाबराव पिकअपमधून डाळिंबाचा क्रेट घेऊन भेटायला गेलो. नर्स क्रेट आत घेऊ देईना. गुलाबराव म्हणाला, पेशंटचंच औषध आहे. आत गेल्यावर बाजारभावाच्या गप्पा झाल्या, आणि मग गुलाबरावाला गप्प बसवेना. "तुज्यासारकं एसीत पडून मलाबी झटके आले आस्ते तर बरं झालं आस्तं," तो म्हणाला. तात्यांची बोटं हलायला लागली, मान वळली, आणि आला की झटका. हौसाकाकूनं बेल दाबली ती दाबूनच धरली आणि दारातून ओरडली, "आला, आला." नर्स पळत आली. डॉक्टर आले, पडद्याकडं बघून खूश झाले आणि म्हणाले, "छान, अगदी स्पष्ट मिळाला." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं काकूचं अभिनंदन केलं. काकूनं त्या मजल्यावर सगळ्यांना डाळिंबं वाटली.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं, मी तिथंच होते. मिरगीत मेंदूत जो विजेचा गोंधळ होतो तो इथं नाही. ही मिरगी नाही, म्हणून तर त्या गोळ्या लागू पडत नव्हत्या. पण झटका खरा आहे. मनावरचा भार शरीर अशा वाटेनं बाहेर टाकतं, माणूस ते ठरवून करत नाही. याच्यावर बोलण्याचे उपचार असतात आणि बरेच लोक सुधारतात. एवढं सगळं सांगितलं, आणि गुलाबरावानं त्यातलं ‘मिरगी नाही’ तेवढंच पदरात पाडून घेतलं. परतीला आमचा पिकअप यवतला पोचायच्या आत बाजारात फोन फिरला होता की तात्याला काही झालेलं नाही.

आता मला सांगा, हा कुठला न्याय? मिरगी होती तोवर तात्या बिचारे होते. मिरगी नाही म्हटल्यावर लबाड झाले. पडणं तेच, लागणं तेच, कोपर सोललेलं तेच. पोपटशेठ तर मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "तात्या, आजारी असाल तर घरी बसा. आजारी नसाल तर मग हे बंद करा बुवा." मला असा संताप आला की मी त्या दिवशी काट्यावर कुणाशी धड बोलले नाही.

दुपारी बाजार रिकामा झाल्यावर तात्या माझ्यासमोर उपड्या क्रेटवर येऊन बसले. बराच वेळ टोपीची घडी घालत होते.

"सुरेखा, तू काट्यावर बसतीस म्हणून तुला इचारतो. मीच करतो का गं हे?"

मी म्हटलं, "तात्या, डॉक्टर नाही म्हणाले ना."

"त्यो म्हनतो. पर मला आतनं कळाया पायजे का न्हाय? कवा कवा समदं ऐकू येतं. मी हाताला म्हनतो थांब, त्यो थांबत न्हाय. पर हात तर माजाच हाय. का दुसऱ्या कुनाचा हाय?"

तात्यांनी आपला हात उलटसुलट करून बघितला.

"माज्या एका शब्दावर लोकांनी गाड्याच्या गाड्या माल दिला. मी लबाड आसंन तर मला म्हाईत पायजे. मग मी सोताच बंद करतो पुकारायचं. शेठनं सांगायची गरज न्हाय."

झटक्यांपेक्षा त्यांना हे जास्त खात होतं, आणि पुढची दोन वर्षं हाच प्रश्न ते सोबत घेऊन हिंडले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. रडू येईल म्हणून मी उगाच काट्याची पाटी पुसत बसले.

बारामतीत मानसी मॅडम म्हणून मानसोपचाराच्या बाई होत्या, वयानं तात्यांच्या पोरीएवढ्या. त्यांच्याकडं दर आठवड्याला जायचं ठरलं. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवल्या, तशी तात्यांची पेंग गेली, डाळिंबाला परत डाळिंबाचा भाव मिळायला लागला. पहिल्यांदा मॅडमकडं जाऊन आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "बाई अर्धा तास इचारत व्हती, मी वरचा थर दावत व्हतो. तिला कळलं. काय बोल्ली न्हाय, पर कळलं."

मॅडमनी बाजारासाठीही निरोप पाठवला. झटका आला की गर्दी करू नका. चप्पल नको, कांदा नको, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याला लागेल असं काही असेल तर बाजूला करा, एकानं जवळ बसा, हळू आवाजात बोला आणि थांबा. म्हणजे थोडक्यात, काही करू नका.

आता आमच्या लोकांना काहीही सांगा, विहीर खणा म्हणा, ट्रॅक्टर ओढ्यातून काढा म्हणा, पण काही करू नका म्हणून सांगणं हे अवघड काम आहे. शेठनं सभा घेतली. काही न करण्याची ड्यूटी तानाजीला दिली. पुढचा झटका आला तसा तानाजी हात पसरून सगळ्या बाजारात पळत सुटला, "कुनी काय करू नका, कुनी काय करू नका." जे लांबच्या गाळ्यावर होते, ज्यांना एरवी कळलंही नसतं, तेसुद्धा काही कसं करत नाहीत ते बघायला आले. एवढी गर्दी चपलांच्या काळातही झाली नव्हती. एक म्हातारा शेतकरी चप्पल पाठीमागं लपवून उभा होता. मी डोळे वटारल्यावर म्हणाला, "न्हाय हुंगवत, बाई. नुसती हातात धरलीय. मनाला बरं वाटतं."

तानाजीची बदली झाली. मग आणखी दोघातिघांनी ती ड्यूटी करून बघितली. एक जण तात्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं आरती म्हणायला लागला. एक स्वतःच घाबरून आडवा झाला, त्याला पाणी मारायला लागलं. शेवटी त्या कामाला नैसर्गिक गुण असलेला एकच माणूस बाजारात निघाला, तो म्हणजे गुलाबराव. कारण साधं होतं. त्याला हे सोंगच वाटायचं, त्यामुळं धावाधाव करायचं त्याच्या मनातच येत नव्हतं. झटका आला की तो दोन क्रेट पायानं सरकवायचा, तात्यांच्या शेजारी बूड टेकायचा, बडीशेप चघळायचा आणि पावसापाण्याचं बोलत राहायचा. "आटपलं का? न्हाय? बरं, मला काय घाई न्हाय." आणि झटके लवकर ओसरायला लागले. गर्दी पांगली, कोपरं सोलायची थांबली.

तात्या मला म्हणाले, "बग गं. ज्यांचा माज्यावर इस्वास, ती चपला घिऊन येत्यात. आन् ज्याचा इस्वास न्हाय, त्यो गप बसून बरं करतो. आता ह्याला काय म्हनायचं?"

मॅडमनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. झटका यायच्या आधी तात्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या आणि आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे. तसं झालं की थांबायचं, तळपाय जमिनीला दाबायचे आणि समोर जे दिसतंय, हाताला लागतंय, ते एकेक नाव घेऊन सांगायचं. मनातल्या मनात सांगितलं तरी चालतं. पण तात्यांना मनातल्या मनात काही बोलता यायचं नाही, आणि मोठ्यानं बोलायची त्यांच्याकडं एकच पट्टी होती, लिलावाची.

एकदा ऐन लिलावात मुंग्या आल्या. तात्या क्रेटांच्या रांगेत थांबले, पाय दाबले आणि सुरू झाले, "फरशी गार हाय, गार. समोर छत्री, पिवळी छत्री, मोठी. छत्रीखाली कुत्रं, झोपलेलं कुत्रं..." आम्हाला कळलं काय चाललंय, आम्ही गप्प राहिलो. पण बाहेरच्या राज्यातला एक नवा व्यापारी आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पट्टी कळत होती. त्यानं बोली लावली. आता बाहेरच्या व्यापाऱ्यानं बोली लावली आणि आपण गप्प बसलो हे आमच्या बाजारात होत नाही, मग माल काय का असेना. गुलाबरावानं वर चढवली. तो परत चढला. गुलाबराव आणखी चढला. तात्यांच्या मुंग्या तोवर गेल्या होत्या, तोंडाला रंग आला होता, आणि सवयीनं हात खाली येऊन तोंडातून गेलं, "दिला."

छत्री पोपटशेठची होती. शेठ म्हणाला, अहो हा काय सौदा आहे का? तात्या म्हणाले, ‘दिला’ म्हणजे दिला. गुलाबराव त्या हंगामात शेठच्या छत्रीत बसला आणि शेठ उन्हात उभा राहून आपल्याच छत्रीकडं बघत राहिला. कुत्रंही करारानं गुलाबरावाचं झालं. त्यानं मालक बदलल्याची काही दखल घेतली नाही.

हे झटके कशानं आले याचं उत्तर बाजारात प्रत्येकाकडं होतं. हौसाकाकूच्या मते नजर, शेठच्या मते गॅस, तानाजीच्या मते फवारणीची औषधं. खरं म्हणजे झटके सुरू व्हायच्या थोडं आधी तात्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला, त्या सकाळी बाजारात माल येऊन पडला होता. निरोप आला तरी तात्यांनी आधी सगळा लिलाव पुकारला आणि मग वरकुट्याला गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण ते कुणी कारण म्हणून काढत नव्हतं. मॅडमकडं ते निघालं. तात्या येऊन म्हणाले, "धाकट्याचं सांगितलं आज. लई रडलो. मला वाटलं, चला, सापडलं, आता जात्याल झटके." मी म्हटलं, मग? "मग काय, दुसऱ्याच दिवशी आला की. मॅडम म्हनाल्या, आसं येका दमात न्हाय जात. म्हटलं बरं हाय, आमच्यात बी समदा माल येका दिवसात खपत न्हाय."

हळूहळू मात्र झटके विरळ झाले. तात्या पुकारत राहिले, शेठ पुन्हा काही बोलला नाही. मी एकदा विचारलं, "तात्या, त्या दिवशी मला विचारलं होतं ते मॅडमना विचारलं का?"

"इचारलं. न्हाय म्हनाल्या. तुमी करत न्हाय म्हनाल्या." टोपी कानावर सरकवून म्हणाले, "चांगली बाई हाय. पर तिला मला बरं वाटवायचंय."

मग मला बारामतीतच एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं आणि बाजार सुटला. तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते मॅडमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर. मी तिथल्या मेडिकलमधून आईची औषधं घ्यायला गेले होते, ते आपला नंबर यायची वाट बघत होते. मला बघून सरकून जागा दिली. कन्हेरीत पाऊस कसा आहे ते विचारलं.

समोरच्या बाकावर एक सासू, तिचा मुलगा आणि विशीतली सून बसली होती. इंदापूरकडचीच, ऊसवाली माणसं दिसत होती. आम्ही बोलत असतानाच ती सून बाकावरून घसरली आणि फरशीवर हातपाय झाडायला लागली. डोळे मिटलेले, मान इकडून तिकडं. व्हरांड्यातली सगळी माणसं उभी राहिली. नर्सनं येऊन बघितलं, डोक्याखाली घडी घातलेली चादर सरकवली आणि सासूला म्हणाली, "काल मॅडमनी सांगितलंय ना तुम्हाला, मिरगी नाही. घाबरू नका, शांत बसा, मी मॅडमना सांगते." नर्स आत गेली. सासू आमच्याकडं वळून म्हणाली, "ऐकलं का? मिरगी न्हाय. मी तेच म्हनती. घरात पाव्हनं आलं का हिचं नाटक सुरू." आणि पिशवीतून कांदा काढला.

तात्या उठले. मला वाटलं आता तो पेट्रोल पंपापर्यंत जाणारा आवाज निघतोय. पण त्यांनी गुडघ्यावर हात टेकून त्या पोरीच्या शेजारी फरशीवर बैठक मारली आणि अगदी घरातल्या आवाजात सासूला म्हणाले, "बाई, कांदा पिशवीत ठिवा. भाजीला लागंल." सासूचा हात कांद्यासकट पिशवीत गेला. मग बाकीच्यांना म्हणाले, "तुमी समदी बसा की. हितं बगन्यासारकं काय न्हाय."

मग पोरीशी बोलायला लागले. तिच्याकडं न बघता, भिंतीकडं बघत. "फरशी गार हाय, पोरी. हाताला लागतीय का बग. न्हाय लागली तरी चालंल. मी हाय हितं. मला काय घाई न्हाय." असंच काहीबाही बोलत राहिले. ऊस किती, लागण कधीची, माहेर कुठलं. उत्तर कुणी देत नव्हतं आणि त्यांना नकोही होतं. बराच वेळ गेला. पोरीचे हात सैल पडले. डोळे उघडले. तिनं आधी सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग या अनोळखी म्हाताऱ्याकडं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मी मुद्दाम करत न्हाय वो," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले. "मी बी करत न्हाय."

आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी मान न वळवता, पुढच्याला जाऊ द्या म्हणून हात केला आणि तिथंच बसून राहिले.